खाच पोटाशी, तोंड दाराकडे

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर आधी डोळे मिटा आणि हात पुढे करा. मी एक जुनी सागवानी फळी आहे. दीड हात लांब, हातभर रुंद आणि चांगली इंचभर जाड. डोळ्यांना मी काही देखणी दिसत नाही. अंगावर सुतळ्या चिकटवलेल्या, मध्येच एक शर्टाचं बटण, एक चिंचोका, पत्र्याची पट्टी आणि कोपऱ्यात तीन खिळे. एकदा एका पाहुण्यांनी मला पाहून विचारलं होतं, ‘‘शाळेतल्या पोराचं काम दिसतं?’’ मला राग आला नाही. त्यांनी मला फक्त पाहिलं होतं. बोटं फिरवली असती, तर त्या सुतळ्यांच्या गल्ल्या झाल्या असत्या, चिंचोक्याचा पिंपळ झाला असता आणि बटणापाशी पिठाच्या गिरणीची ऊब लागली असती.

माझा जन्म जंगलातला, पण ते मला आठवत नाही. आठवते ती मालगाडी. रेल्वेच्या एका जुन्या वॅगनच्या तळाला मी तीस वर्षं होते. माझ्यावरून तांदळाची पोती ओढली गेली, सिमेंट सांडलं, हमालांच्या विड्यांचे चटके बसले. मग वॅगन भंगारात निघाली आणि दुरुस्तीच्या कारखान्यातले सुतार श्यामराव यांनी रीतसर कागद करून मला घरी आणलं. श्यामराव मूळचे वर्धेकडचे. नोकरीसाठी रायपूरला आले आणि ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी पेटीत ठेवलं आणि मला मात्र अंगणात उन्हात ठेवून रोज हात फिरवून बघत. ‘‘लाकूड चांगलं आहे,’’ ते म्हणत, ‘‘याचं काही तरी कामाचं करीन.’’

ते कामाचं काय, हे कुमुदमुळे ठरलं.

कुमुद ही त्यांची धाकटी लेक. चार वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. तिला अक्षरं शिकवली ती तिच्या आईने, वनमालाबाईंनी, तळहातावर बोटाने गिरवून. आई समोर बसून लिहायची. आठवड्याने पोरगी म्हणाली, ‘‘आई, तू सगळं उलटं लिहितं. माझ्या बाजूनं बसून लिही ना.’’ आई मग तिच्या पाठीमागे बसली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवरून पुढे घेतले आणि लेकीच्या बाजूने लिहू लागली. ही गोष्ट मी त्या घरात पुष्कळदा ऐकली. ऐकताना सगळे हसत. त्या गोष्टीतलं शहाणपण मात्र आम्हा सगळ्यांना फार उशिरा कळलं. तेच तर मला सांगायचं आहे.

पुढे कुमुद वसतिगृहात राहून शिकली, टेलिफोन ऑपरेटरचं प्रशिक्षण घेऊन घरी आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आणि नेमकं त्याच नोव्हेंबरात आमचं रायपूर राजधानी झालं. मित्रांनो, काय ते दिवस! चौकाचौकांत दिव्यांच्या माळा, दुकानांवरच्या पाट्यांवर नव्या राज्याचं नाव रंगवायची घाई, आणि रिकाम्या पडलेल्या जुन्या इमारतींत रातोरात सरकारी कचेऱ्या. कचेरी म्हटली की टेलिफोन आले, आणि टेलिफोन म्हटले की ते जोडून देणारी माणसं आली. आमच्या घरापासून सहाशे पावलांवर असलेल्या एका कचेरीत कुमुदची निवड झाली. एक डिसेंबरला सकाळी आठ वाजता हजर व्हायचं होतं.

वनमालाबाई म्हणाल्या, ‘‘नेईल कोण अन् आणील कोण?’’

कुमुदचा मोठा भाऊ सुशील एका कंपनीत कामाला होता. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तो म्हणाला, ‘‘मैं छोड दूंगा ना स्कूटर से. इसमें क्या है?’’

‘‘अन् ज्या दिवशी तुझी स्कूटर चालू नाही झाली भैया, त्या दिवशी सरकारचे फोन बंद ठेवायचे का?’’ कुमुद म्हणाली. ‘‘तुझी स्कूटर हप्त्यातून दोनदा तर लाता खाते.’’

‘‘ए, स्कूटर को कुछ मत बोल.’’

‘‘मी एकटी जाईन,’’ कुमुद म्हणाली.

वनमालाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. ‘‘एकटी? या गल्लीत डोळेवाले लोकं नालीत पडते, अन् तू एकटी जाशील?’’

हे भांडण दोन दिवस चाललं. शेवटी श्यामरावांनी निकाल दिला. पोरीने आधी एकदा एकटीने कचेरीपर्यंत जाऊन दाखवायचं. पोचली तर नोकरी, नाही तर नाही. ‘‘पण रस्ता तिले आधी कळला पायजे,’’ ते म्हणाले, ‘‘तो मी तिच्या हातात देतो.’’ आणि ते अंगणात येऊन माझ्यापाशी बसले.

चार दिवस त्यांनी माझ्यावर काम केलं. स्वतः रस्त्याने चालून आले, पावलं मोजली, कागदावर नकाशा काढला, अगदी भूगोलाच्या पुस्तकासारखा, उत्तर वर आणि दक्षिण खाली. मग गल्ल्यांसाठी सुतळी लावली. घरासाठी लाकडाचा चौकोन बसवला. गिरणीसाठी स्वतःच्या शर्टाचं बटण तोडलं. त्यावरून वनमालाबाईंची बोलणी खाल्ली. कोपऱ्यावरच्या पिंपळासाठी चिंचोका लावला, पुढच्या झाकलेल्या नालीसाठी पत्र्याची पट्टी ठोकली आणि कचेरीच्या तीन पायऱ्यांसाठी तीन खिळे मारले. काम झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीच्या भिंतीवर टांगलं. कारखान्यातही सगळे नकाशे भिंतीवरच टांगलेले असत. श्यामरावांच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

कुमुद माझ्यासमोर उभी राहिली आणि तिची बोटं माझ्यावरून पहिल्यांदा फिरली.

मित्रांनो, तीस वर्षं पोती, टाचा आणि लोखंडी हुक माझ्यावरून गेले होते. पण कुणी मला वाचलं नव्हतं. कुमुदची बोटं घाई करत नसत. एक बोट पुढे जायचं आणि बाकीची मागे थांबून वाट जपायची. पहिल्या दिवशी ती नुसती सुतळीच्या कडेने फिरली. दुसऱ्या दिवशी तिने अंतरं धरली. ‘‘बाबा, घरापासून गिरणीपर्यंत बोटाची दोन पेरं, गिरणीपासून पिंपळापर्यंत तीन,’’ ती म्हणायची. तिसऱ्या दिवशी तर ती स्वयंपाकघरातून भाकरी करता करता बोलायची, ‘‘बाबा, पिंपळाजवळची सुतळी थोडी उचलली आहे, दाबून घ्या.’’ मला तर अंगावर काटाच आला. डोळ्यांनी पाहिलेलं माणसं विसरतात. हिच्या बोटांत मी अख्खीच्या अख्खी उतरले होते.

मग परीक्षेचा दिवस आला. तेवीस नोव्हेंबर, सकाळचे आठ. श्यामराव आधीच कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले होते. कुमुद पांढरी काठी घेऊन निघाली. वनमालाबाई दारात उभ्या राहिल्या, पण तिच्याकडे बघण्याचं धैर्य नव्हतं म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या.

अर्धा तास गेला, मग पाऊण. आणि दारात एक पानवाला आला. त्याच्या हाताला धरून कुमुद होती. एका पायात चप्पल नव्हती. गुडघा फुटला होता आणि सलवार पोटरीपर्यंत काळ्या चिखलाने माखली होती.

‘‘माताजी, बिटिया नाली में गिर गई थी,’’ पानवाला म्हणाला. ‘‘उल्टी तरफ चली गई थी.’’

वनमालाबाईंनी पाणी तापवलं, लेकीचा पाय धुतला, हळद लावली, चिंधी बांधली. श्यामराव धापा टाकत परत आले, तेव्हा त्यांच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, ‘‘आता या घरात नोकरीचं नाव नाही काढायचं.’’

श्यामराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तीस वर्षांत त्यांनी बसवलेली एक फळी कधी निसटली नव्हती, आणि घरच्या फळीने त्यांच्या लेकीला नालीत टाकलं होतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. ‘‘हिच्या ढलप्या करून बंबात घालतो,’’ ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. कुऱ्हाड शोधायला ते वळलेसुद्धा.

‘‘बाबा, थांबा,’’ कुमुद म्हणाली. ‘‘द्या ती इकडे. कुठी चुकली ते तर पाहू द्या मले.’’

ती जमिनीवर बसली होती. दुखरा पाय दाराच्या दिशेने लांब पसरलेला. श्यामरावांनी मला तिच्या मांडीवर टेकवलं, तेव्हा घराचा चौकोन कसा कोण जाणे, तिच्या पोटाशी आला. तिने बोट घरावर ठेवलं. बोट दारातून बाहेर पडलं, पुढे सरकलं आणि गिरणीकडे वळलं. तिथे ते थांबलं. मग परत घराकडे आलं आणि पुन्हा निघालं. तिसऱ्यांदा कुमुद हसायलाच लागली. पाय दुखत असताना, चिखलाचा वास येत असताना ती पोरगी खदखदून हसत होती.

‘‘काहून हसून राहिली?’’ वनमालाबाई घाबरून आतून आल्या.

‘‘आई, गिरणी डाव्या हाताले आहे! भिंतीवर ती मले उजव्या हाताले लागत होती. म्हणून मी दारातून निघाली अन् उजवीकडे वळली.’’

तुमच्या लक्षात आलं का मित्रांनो? आमच्या घराचं दार दक्षिणेला. नकाशात उत्तर वर, म्हणजे घर वर आणि बाहेरचा रस्ता खाली. गिरणी पूर्वेला, म्हणून ती भिंतीवरच्या फळीत उजवीकडे. पण दारातून बाहेर पडणाऱ्याचं तोंड दक्षिणेला असतं, आणि दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व येते डाव्या हाताला. डोळेवाली माणसं नकाशा मनातल्या मनात फिरवून घेतात. त्यांना ते जमतं, म्हणून त्यांना वाटतं की त्यात काही करावंच लागत नाही. पण बोट जिकडे जातं, तिकडेच अंगही जातं. भिंतीवर मला फिरवणार कोण?

‘‘म्हणजे माझीच चूक,’’ श्यामराव खाली बसत म्हणाले.

‘‘फळीत चूक नाही बाबा, भिंतीत आहे. हिले खाली घ्या फक्त.’’ मग ती पुढे म्हणाली, ‘‘अन् थोडी माझीबी आहे. सकाळी माझ्या पाठीले ऊन लागून राहिलं होतं. गिरणीकडे जायचं म्हणजे ऊन तोंडावर यायले पायजे. मले समजत होतं. पण मी म्हटलं, बाबाची फळी कशी चुकेल? स्वतःच्या पाठीचं मी ऐकलंच नाही.’’

मी त्या मांडीवर गुपचूप पडून होते. बंबातून वाचले होते, त्यापेक्षा मोठं काही झालं होतं. माझं एक बटणसुद्धा हललं नव्हतं, एक सुतळीसुद्धा बदलली नव्हती, आणि तरी मी खोटीची खरी झाले होते. मला फक्त खाली उतरवावं लागलं आणि वाचणारीच्या बाजूने ठेवावं लागलं.

एक तारखेला आठच दिवस उरले होते. वनमालाबाई अजून तयार नव्हत्या. त्या नुसती भांडी जोरात ठेवत. आणि श्यामरावांनी त्या आठ दिवसांत एक वेगळंच काम काढलं. ते डोळ्यांवर गमछा बांधून लेकीसमोर बसू लागले.

‘‘तुमचं काय नवीन?’’ वनमालाबाई म्हणाल्या.

‘‘शिकून राहिलो.’’

कुमुदने त्यांच्या पुढ्यात एक लाकडी पट्टी ठेवली, डावीकडे. दुसरी पट्टी हातात दिली. ‘‘बाबा, ही तिकडे उजवीकडे ठेवा. पहिलीच्या अगदी सरळ. दोघींमधलं अंतर सगळीकडे सारखं पायजे.’’

श्यामरावांना हसू आलं. आयुष्य ज्यात गेलं ते काम! त्यांनी डाव्या हाताने एक पट्टी चाचपली, उजव्या हाताने दुसरी ठेवली, दोनदा तपासली आणि गमछा काढला. उजवीकडची पट्टी भलतीकडेच तोंड करून बसली होती, घड्याळाचा काटा बारावर हवा तिथे चांगला एकवर जावा तशी.

वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही. ‘‘अवो, तीस वर्षं सुतारकी केली अन् दोन पट्ट्या सरळ ठेवता येत नाही!’’

‘‘तू ठेवून पाहा,’’ श्यामराव म्हणाले. वनमालाबाई भांडी ठेवायला निघून गेल्या.

‘‘सगळ्याईचं तसंच होते बाबा,’’ कुमुद सांगू लागली. ‘‘हात बाजूले लांब गेला की मनगट वळते. मनगट वळलं की हाताले वाकडं तेच सरळ वाटते. हाताची स्वतःचीच एक दिशा असते. म्हणून आम्ही एक हात कशाले तरी धरून ठेवतो. टेबलाची कड, पाटीचा कोपरा, काहीबी. एक हात घरी राहतो, दुसरा हिंडून येतो.’’

श्यामरावांनी वाकडी पट्टी हाताने सरळ केली. मग म्हणाले, ‘‘कारखान्यात वॅगनच्या फळीले आम्ही दरवाजाच्या बाजूनं खाच पाडत होतो. मग कोणीबी बसवो, उलटी बसत नव्हती. हजारो फळ्याईले खाच पाडली मी. घरच्याच फळीले नाही पाडली.’’

त्यांनी पटाशी आणली. घराच्या बाजूच्या माझ्या कडेला, मधोमध, कुमुदचा अंगठा बरोबर बसेल एवढी खाच पाडली आणि घासून रेशमासारखी मऊ केली. तेव्हापासून त्या घरात एक नियमच झाला: खाच पोटाशी, तोंड दाराकडे. कुमुद दाराकडे तोंड करून बसायची, मला मांडीवर घ्यायची, एक अंगठा खाचेत आणि दुसरा हात गल्लीत. एक हात घरी, दुसरा हिंडायला. श्यामराव गमछा बांधून शेजारी बसायचे आणि पिंपळाशी पोचायला तिच्यापेक्षा चौपट वेळ लावायचे. ‘‘बाबा, तुम्ही नालीत गेले,’’ ती मधूनच म्हणायची. कौतुक कुणाचं करावं, तिचं की साठाव्या वर्षी लेकीकडून हात वापरायला शिकणाऱ्या त्या सुताराचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक डिसेंबरचा शुक्रवार उजाडला. कुमुद न्हाऊन, वेणी घालून तयार झाली. कुणी तिच्या मागे यायचं नाही, असं वचन तिने घेतलं होतं. श्यामराव पाटावर बसून धार असलेल्याच पटाशीला पुन्हा धार लावत होते. सुशील खिसे चाचपत होता.

‘‘मेरी चाबी किधर है?’’

‘‘माझ्या पर्समध्ये,’’ कुमुद म्हणाली. ‘‘आज बसनं जा भैया. तू मागून येशील, मले माहीत आहे. तुझ्या स्कूटरचा आवाज तर बहिऱ्यालेही ऐकू येते.’’

‘‘हव, समझ गया,’’ सुशील कान खाजवत म्हणाला.

ती आईपाशी आली. ‘‘आई, येते.’’

वनमालाबाईंनी वाटीतलं दही-साखर लेकीच्या तळहातावर ठेवलं, ते खाऊन झाल्यावर पदराने तिचा हात पुसला आणि आपल्या मुठीत तिची मूठ एकदा घट्ट दाबली. काठीची टकटक उंबऱ्यावरून उतरली, डावीकडे वळली आणि कमी कमी होत गेली.

मग ज्या बाईने मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, ती उंबऱ्यापाशी येऊन बसली. मला मांडीवर घेतलं. खाच पोटाशी, तोंड दाराकडे. अंगठा खाचेत ठेवला आणि डोळे मिटले.

ती बोटं कुमुदसारखी नव्हती. भांडी घासून खरखरीत झालेली, थंड. दारातून बाहेर पडायलाच त्यांना कितीतरी वेळ लागला. ओठांत पावलं मोजणं चाललं होतं. बोट गिरणीच्या बटणाशी आलं, तेव्हा खरोखरच दूरवर गिरणी सुरू झाली. वनमालाबाई पुटपुटल्या, ‘‘आता ऊन तोंडावर असंल.’’ बोट पुढे गेलं. चिंचोक्यावर ते थांबलं. ‘‘पिंपळाच्या मुळ्या वर आलेल्या आहे. पाय उचलून टाक बाई.’’ मग वळण घेतलं आणि पत्र्याची पट्टी आली. थंडगार, खोल नालीची पट्टी. तिथे बोट थांबलं ते थांबलंच. पुढे जाईना. माझ्यावर पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा.

श्यामराव उठून जवळ आले.

‘‘मले वाटत होतं,’’ वनमालाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, ‘‘की हिले अंधारच अंधार असंल. हिच्या जवळ तर अख्खा रस्ता आहे वो.’’

मग ते बोट हळूच पत्र्यावरून पलीकडे गेलं आणि एक, दोन, तीन खिळे चढलं.

घरात गेल्याच वर्षी फोन आला होता. क्रोशाच्या रुमालाखाली तो ऐटीत बसलेला असे. तो वाजला. वनमालाबाई मला मांडीवरून खाली ठेवायचंही विसरल्या. मला छातीशी धरूनच धावल्या. म्हणून तो आवाज मीही ऐकला, खणखणीत, कचेरीच्या खुर्चीवरून आलेला.

‘‘आई, मी बोलून राहिली. पोचली.’’

मित्रांनो, त्यानंतर कुमुदला माझी गरज हळूहळू कमी होत गेली. होणारच. रस्ता तिच्या तळपायांत उतरला, तेव्हा मला आतून आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. शिकवणाऱ्याचं असंच असतं. मग माझ्या सपाट पाठीवर कपड्यांना इस्त्री झाली. एका उन्हाळ्यात मी माठाखाली होते. एक पावसाळा मी स्वयंपाकघराच्या फुटक्या खिडकीला लावलेली होते. श्यामराव गेले. त्यांच्यामागे गिरणी बंद पडली आणि रस्ता रुंद करताना पिंपळही गेला. माझ्यावरचा चिंचोका मात्र जागचा हलला नाही. शहर बदललं, माझ्या अंगावर ते जुनं रायपूर तसंच राहिलं.

पुढे सुशीलचं लग्न झालं आणि सगळे तेलीबांध्याला, तलावाजवळच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला गेले. सून मंजिरी हौशी आणि गुणी. तिने मला सामानातून काढलं, पुसलं, पॉलिश केलं आणि बैठकीच्या खोलीत टांगलं. पुन्हा भिंतीवर! खाली एक छोटा दिवासुद्धा लावला. येणारे-जाणारे वाहवा करत. ‘‘अँटिक आहे का?’’ असं विचारत. एखादं लहान मूल हात पुढे करायचं, तर त्याची आई म्हणायची, ‘‘हाथ नहीं लगाना.’’ मित्रांनो, माळ्यावर पडून राहण्यापेक्षा हे बरं, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याचा जन्म हातासाठी झाला, त्याला लांबून मिळालेलं कौतुक फार एकटं करतं.

त्याच खोलीत माझ्यासारखीच आणखी एक जण एकाच जागी बसून होती. वनमालाबाई. त्या ऐंशीच्या झाल्या होत्या आणि काचबिंदूने त्यांची नजर विझत आली होती. ब्राह्मणपाऱ्याच्या घरात त्यांना उंबरे होते, खडबडीत भिंती होत्या, पायाखाली उंचसखल फरशी होती. इथे सगळं गुळगुळीत. सगळी दारं सारखी, सगळ्या भिंती सारख्या. एकदा तुळशीला पाणी घालायला म्हणून बाल्कनीकडे निघाल्या आणि अडगळीच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. तांब्यातलं पाणी झाडूवर ओतलं. त्या दिवसापासून खुर्चीवरून उठणंच त्यांनी सोडलं. ‘‘मले काय करायचं आहे कुठी जाऊन,’’ त्या म्हणायच्या. जेवण खुर्चीवर, पाणी खुर्चीवर. महिन्याभरात त्यांचं बोलणंही कमी झालं.

कुमुद तेव्हा ‘नवा रायपूर’ नावाच्या नव्या वसाहतीतल्या कचेरीत होती. बसने एकटी जात-येत असे. एका रविवारी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मंजिरी, फळी खाली घे.’’

‘‘काहून ताई? सगळ्यांना किती आवडते!’’

‘‘सगळे पाहते ना नुसते. आईच्या हाताले हिचं काम आहे.’’

तिने मला उलटं केलं. माझी पाठ तेवढी वर्षं कोरी होती. दोन दिवस ती घरभर भिंतींना हात लावत, पावलं मोजत फिरली आणि मग बापासारखीच मांडी घालून बसली. सुतळी, गोंद, खुर्चीसाठी कापडाचा तुकडा, बाथरूमच्या दारासाठी फरशीची कपची. मंजिरीने विचारलं, ‘‘ताई, तुळशीसाठी काय लावू?’’ आणि स्वतःच कुंडीतली एक वाळलेली काडी आणून दिली. गंमत म्हणजे खाच नव्याने पाडावी लागली नाही. श्यामरावांनी ती कडेतून आरपार पाडलेली. दोन्ही बाजूंना तेवढीच उपयोगाची.

‘‘या वयात शाळा घेऊन राहिली माझी,’’ वनमालाबाई कुरकुरल्या. ‘‘अन् पाहा हं, माझ्या बाजूनं लाव. मागच्यासारखं नको.’’

‘‘तुझ्याच बाजूनं आहे आई. अंगठा कुठी ठेवायचा, आठवते का?’’

सुरकुतलेला अंगठा माझ्या कडेवरून सरकत आला. मधोमध आला आणि खाचेत बसला. मी त्याला ओळखलं. इतक्या वर्षांनी, तरीही तोच थंड, खरखरीत अंगठा. जराही चुकला नाही. दुसरा हात हळूहळू खुर्चीवरून निघाला.

आठ दिवस त्या रोज बसल्या. कधी चिडल्या, कधी मला ढकलून दिलं. नवव्या दिवशी सकाळी कुमुद बस गाठायला पायात चप्पल घालत होती. तिच्या पाठीमागे खुर्ची करकरली. तिने वळून आधार द्यायला हात पुढे केला नाही. मंजिरी धावणार होती, तिलाही हाताने थांबवलं. भिंतीवरून घासत जाणाऱ्या बोटांचा आवाज येत राहिला. तो कोपऱ्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग वळला. जाळीचं दार सरकलं, पाणी पडल्याचा आवाज आला आणि बाल्कनीतून हाक आली.

‘‘कुमुद, मी बोलून राहिली. पोचली.’’

मित्रांनो, आता मी भिंतीवर नसते. वनमालाबाईंच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या हाताच्या उंचीवर टेकलेली असते. पॉलिश उडालं आहे, तुळशीची काडी दोनदा बदलावी लागली. माझी तक्रार नाही. झिजणं हाच माझा मान आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं काही असेल, तर त्याला शोभेला बसवू नका, त्याला हात लागू द्या. आणि कुणाला रस्ता दाखवायची वेळ आली, तर आपलं बोट उचलण्याआधी एक क्षण थांबा. त्याचं तोंड कोणत्या दाराकडे आहे ते विचारा, आणि त्याच्या बाजूला जाऊन बसा.